फॉस्फेट 0 आलं की मी घाबरते

घरच्या प्युरिफायरचं पाणी रीफ टँकला, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला, चालतं का? नाही चालत. पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातल्या पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण मोजणारं) बुडवलं तर 70 दाखवतं, आणि त्या 70 मध्ये नायट्रेट, सिलिकेट काय काय असेल ते मीटर सांगत नाही. म्हणून टँकसाठी मी तो मिसळण्याचा व्हॉल्व्ह नसलेला वेगळा आरओ घेतला आणि पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन जोडलं. मीटर 0 च्या वर गेलं की रेझिन बदलायचं.

रोजच्या टॉप-अपला हेच गोडं पाणी. पाणी उडतं, मीठ टँकमध्येच राहतं. मे महिन्यात पंखा लावला की माझ्या तीन फुटी टँकमधून दिवसाला तीनेक लिटर सहज उडतं. ते खाऱ्या पाण्याने भरलं तर आठवड्याभरात खारेपणा चढतो. तो 35 पीपीटी (हजारात 35 भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या आसपास हवा. खारेपणा मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नाही, 35 च्या द्रावणावर जुळवून घ्या.

माझ्याकडे झोआ, मशरूम आणि एक लेदर ही मऊ कोरल आहेत. दगडी सांगाड्याची कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. दुकानदार ‘सगळेच ठेवतात हो’ म्हणाला तरी घेऊ नका. मऊ कोरलांना कॅल्शियम फारसं लागत नाही, त्यामुळे 420 पीपीएमच्या आसपासचं कॅल्शियम आणि 1300 चं मॅग्नेशियम आठवड्याच्या 10 टक्के पाणीबदलातच सांभाळलं जातं. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता, मात्र मोजायची. मी ती 8 डीकेएचवर (हे तिचं माप) ठेवते. घसरली तर खायचा सोडा: 100 लिटरला 3 ग्रॅम घातला की 1 डीकेएच वाढते. माझ्या टँकमध्ये खरं पाणी 150 लिटर, म्हणून साडेचार ग्रॅम, डीआय पाण्यात विरघळवून, हळूहळू. एका दिवसात 1 पेक्षा जास्त चढवू नका. आणि बेकिंग पावडर नव्हे, सोडा!

आता नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे माशांच्या खाण्यातून पाण्यात साचणारे क्षार. इथे मी चांगलीच आपटले आहे.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला आम्ही मालवणला गेलो आणि माशांना खाऊ घालायचं काम शेजारच्या काकूंवर सोपवलं. ‘बिचारे उपाशी वाटले गं,’ म्हणत त्यांनी आठवड्यात अर्धी डबी संपवली. आल्यावर नायट्रेट 40 पीपीएम, फॉस्फेट 0.4. पाणी 10 टक्के बदललं की 40 चं फक्त 36 होतं, हे कळत असूनही धीर निघेना. मी फॉस्फेट शोषणाऱ्या जीएफओचे तपकिरी दाणे दुप्पट भरले. फॉस्फेट थेट 0! महिन्याभरात झोआ फिके पडून मिटले आणि वाळूवर शेंबडासारखा तपकिरी थर आला, दुपारनंतर त्यात बुडबुडे. डायनोफ्लॅजेलेट (डायनो) नावाचे एकपेशीय सूक्ष्मजीव. सासूबाईंनी एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मासे खायचे असतात, ते सोडून हे काय!’

कोरलांना आणि त्यांच्यातल्या शैवालाला नायट्रोजन-फॉस्फरस लागतंच. शिवाय यातलं एक जरी संपलं की डायनोंना मोकळं रान मिळतं. मी जीएफओ काढला, पाणीबदल थांबवला, खाणं वाढवलं. थर जायला दोन महिने लागले. आता नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 एवढ्यात असलं की मी हात लावत नाही. वाढलंच तर जीएफओ चमचाभर, आणि चार दिवसांनी पुन्हा मोजणी. खडकांनी शोषलेलं फॉस्फेट परत पाण्यात उतरतं, त्यामुळे आकडा पुन्हा वर गेला तर दाण्यांना दोष देऊ नका.

हॅना कंपनीचा फॉस्फरस चेकर वापरत असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. तो फॉस्फेट दाखवत नाही, फॉस्फरस दाखवतो, तोही पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग). आकड्याला 3.066 ने गुणून 1000 ने भागा: 20 आलं तर फॉस्फेट 0.06. हे न करता ‘20 म्हणजे भयंकर’ म्हणून मीही एकदा दाणे ओतायला निघाले होते.

गेल्या वर्षी काकूंना वारांची औषधाची डबी दिली, रोजचा एक कप्पा मोजून भरलेला, बाकी खाणं कपाटात कुलपात. परत आल्यावर नायट्रेट 12 निघालं. डबीबाहेरचंही काहीतरी त्यांनी घातलंच होतं.