२५ मीटर पिस्तूल मॅचमध्ये अडकलं तर? या चुका टाळा

या मॅचच्या ‘रॅपिड’, म्हणजे वेगाच्या फेरीत एका गोळीसाठी ३ सेकंद मिळतात, मग ७ सेकंदांची विश्रांती. हात वर जातो, ट्रिगर दाबला जातो आणि काडतुसाचं रिकामं केस, म्हणजे पुंगळी, बोल्टच्या (चेंबर बंद करणाऱ्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) तोंडात उभं अडकतं. अशा वेळी नव्या नेमबाजाचा मोकळा हात आपसूक बोल्टकडे जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रेंज ऑफिसरने पाहण्याआधी तुम्ही मेकॅनिझमला किंवा सेफ्टीला हात लावलात, तर तो बिघाड नियमाप्रमाणे मान्य होत नाही आणि न सुटलेल्या गोळ्यांचं शून्य पदरात पडतं. पिस्तूल लक्ष्याच्याच दिशेला धरा, मोकळा हात वर करा, गप्प थांबा. बिघाड मान्य झाला तर राहिलेल्या गोळ्या मारता येतात. नेमबाज राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये इंडोनेशियातल्या पालेम्बांगला याच प्रकारातलं सुवर्ण शूटऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा फेरीत जिंकलं. या खेळात एकेक गोळी किती मोलाची असते, ते त्यावरून कळावं.

मॅगझीन (काडतुसं भरायची पेटी) नीट न बसणं, गोळ्या कमी भरणं, आधीच्या गोळीनंतर ट्रिगर पुरता न सोडणं, हेही बिघाडात धरत नाहीत. ट्रिगरची सवय तर सरावातच लावावी लागते, मॅचच्या दिवशी ती येत नाही.

आता पिस्तूल मुळात अडकतं का, ते पाहू. या मॅचच्या पॉइंट टू-टू (.२२ बोअर) पिस्तुलात बोल्ट मागे ढकलण्याचं काम काडतुसाच्याच जोरावर होतं. त्यामुळे काडतूस बदललं की पिस्तुलाचं वागणं बदलतं. एका पिस्तुलात सुरळीत चालणारं काडतूस दुसऱ्यात दर मॅगझीनला अडकू शकतं. त्यातून या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. थंडीत ते घट्ट होतं, तेलही जड होतं. पुण्यात बालेवाडीला बिनबोभाट चालणारं पिस्तूल दिल्लीच्या तुघलकाबादच्या रेंजवर डिसेंबरच्या सकाळी कुरकुरायला लागलं, तर लगेच स्प्रिंग बदलायला धावू नका. आधी तेल कमी आणि पातळ करा, काडतुसं उबदार जागी ठेवा आणि मॅचच्या आदल्या दिवशी तिथल्याच हवेत तीच काडतुसं मारून पाहा.

साफसफाईत बॅरल, म्हणजे नळी, चकचकीत करायची आणि काडतूस बसतं तो चेंबर विसरायचा, हे फार दिसतं. चेंबरच्या कडेला मेण, शिसं आणि जळकी पूड साचते. काडतूस पुरतं आत बसत नाही, मग बोल्ट बंद होत नाही किंवा पिन लागूनही बार होत नाही. रिकामं केस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली साचलेला काळा थर दातांच्या ब्रशने काढा. मॅगझीनचे ओठ बोटांनी चाचपून पाहा. एक बाजू किंचित फाकलेली असली तरी गोळी तिरकी चढते. मॅगझीनवर क्रमांक घाला, म्हणजे दर वेळी तेच एक अडकतंय का, ते लगेच कळतं. माझ्या मते निम्मी डोकेदुखी इथेच संपते.

रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मारत बसू नका. पॉइंट टू-टूमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. काडतूस नसेल तर ती चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खळगा पाडू शकते. बहुतेक मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची, म्हणजे काडतुसाशिवाय ट्रिगरच्या सरावाची सोय असते, ती वापरा.

बार न झाल्यास लगेच बोल्ट मागे ओढू नका. नळी लक्ष्याकडे ठेवून निदान ३० सेकंद थांबा, बार उशिराही होऊ शकतो. आणि नेहमीच्या कडक आवाजाऐवजी ‘फुस्स’ झालं, तर पुढची गोळी कोणत्याही परिस्थितीत मारू नका. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून नळी तपासून घ्या.

एवढं करूनही अडकणं थांबत नसेल, तर कानस घेऊन घरी बसू नका. स्प्रिंग, सिअर (ट्रिगर दाबल्यावर सुटणारा अडसर), नळी ही कामं परवानाधारक आर्मररची, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याची. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा तर शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ६नुसार गुन्हा आहे. आर्मररकडे जाताना कोणतं काडतूस, कितवी गोळी, कोणतं मॅगझीन, हवा कशी होती, याची वही सोबत न्या.