घरी डीप क्लीनिंगवाले बोलावताय? आधी हे वाचून घ्या

दिवाळी जवळ आली की ठाण्यात प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, कोणी चांगले क्लीनिंगवाले सांगा ना. मग चार नंबर येतात, आपण सगळ्यात स्वस्त असेल त्याला बोलावतो, आणि संध्याकाळी वाद. तुम्ही तर म्हणालात बाथरूम नवीन दिसेल, ते म्हणतात मॅडम हे डाग निघत नाहीत. बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात, फक्त आधी नीट बोलणं झालेलं नसतं.

म्हणून पहिलं हे समजून घ्या. मळ निघतो, साचलेला थर बऱ्यापैकी निघतो, पण जी वस्तूच खराब झालीय ती साफसफाईने दुरुस्त होत नाही. तुमच्या घरातली कुठली गोष्ट यातल्या कशात मोडते हे बुकिंगच्या आधी घरभर फिरून बघा, निम्मी कटकट तिथेच संपते.

बाथरूमचंच घ्या. घोडबंदर रोडला बऱ्याच सोसायट्यांमध्ये टँकर नाहीतर बोअरचं पाणी मिसळतात, त्यामुळे नळावर, शॉवरच्या काचेवर, टाइल्सवर पांढरे थर बसतात. हे क्षार आहेत, साबणाने कितीही घासा, जाणार नाहीत, त्यांना आम्लाचंच लिक्विड लागतं. क्लीनिंगवाले टास्कीचं आर नाईन नाहीतर तसलंच काहीतरी वापरतात, लावून दहा मिनिटं ठेवतात, मग स्क्रबरने घासतात. नळाच्या बुडाशी, जिथे तो टाइलला टेकतो ना, तिथे जाड पांढरं कडं झालेलं असतं, ते दोन-तीनदा लिक्विड लावून जुन्या टूथब्रशने काढावं लागतं आणि चांगला माणूस ते करतो. पण नळाचं क्रोमच उडालं असेल तर थर निघाल्यावर खालचं पिवळट धातू दिसणार, ते त्यांनी केलेलं नाही, थराखाली आधीपासूनच होतं. काचेवर वर्षानुवर्षं क्षार राहिले की काचच धुरकट होते, तीही पूर्ण स्वच्छ होईलच असं नाही.

आता महत्त्वाचं. हेच आम्लाचं लिक्विड मार्बलवर पडलं की मार्बल जळतो, म्हणजे चकाकी जाऊन तिथे कायमचा मळकट डाग पडतो आणि मग पॉलिश करण्याशिवाय पर्याय नाही. कोटा लादी पण चुनखडीचीच, तिलाही तेच लागू. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये मोझॅक लादी असते, तिच्यात मार्बलचेच तुकडे असतात, तिथेही आम्ल नको. व्हिट्रिफाइड टाइल्सना एवढी भीती नाही. घरात देवघराला मार्बल असेल, खिडकीच्या चौकटीला, नाहीतर बाथरूमच्या उंबऱ्याला (हा हमखास विसरतो आपण) तर आल्याआल्या सुपरवायझरला हात लावून दाखवा, दादा इथे ॲसिड लावायचं नाही. नुसतं फोनवर सांगून भागत नाही, कारण फोनवर बोलणारा वेगळा आणि कामाला येणारी मुलं वेगळी असतात.

किचनमध्ये वेळ सगळ्यात जास्त जातो, जाऊ द्या. फोडणीचा तेलकट चिकटा ट्रॉलीच्या हँडलवर, वरच्या कपाटांच्या माथ्यावर, एक्झॉस्टच्या पात्यांवर बसलेला असतो आणि त्यावर धूळ बसून तो मेणासारखा घट्ट होतो. हा गरम पाणी आणि डिग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या लिक्विडने, छान निघतो. चिमणीचं मात्र वेगळं विचारा. चिमणी साफ करणार म्हणजे बहुतेक लोक बाहेरून पुसून जाळ्या धुतात, आतली मोटर उघडत नाहीत, त्याला कंपनीचा मेकॅनिकच लागतो. आणि जाळी ॲल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवू देऊ नका, काळी पडते. स्टीलची असेल तर चालतं.

भिंतीवरची काळी बुरशी पुसली तर जाईल, पण ओल वरच्या मजल्यावरून येत असेल नाहीतर बाहेरच्या भिंतीतून झिरपत असेल तर पुढच्या पावसात परत येणार. आधी लीकेज बघा, मग क्लीनिंगवर पैसे घाला. सोफा आणि गाद्यांचं शॅम्पूइंग पण जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात करू नका, आपल्याकडे पावसाळ्यात आतला फोम वाळतच नाही, कुबट वास धरतो. ऑक्टोबर उजाडू दे, कडक ऊन पडू दे.

बुकिंग करताना नुसतं टू बीएचके एवढं सांगू नका. रिकामं घर, सामानासकट घर आणि रंगकाम-फर्निचर झाल्यानंतरचं घर ही तीन वेगळी कामं आहेत आणि रेट पण वेगळे. नवीन ताबा मिळालेल्या फ्लॅटमध्ये, खारघर-उलवे बाजूला असे खूप असतात, लादीवर सिमेंट आणि रंगाचे थेंब असतात, ते पत्तीने एकेक खरवडावे लागतात, त्याला वेळ लागतोच. मग हे विचारा: कपाटं आतून पुसणार की बाहेरून, आतलं सामान कोण काढणार (बहुतेक आपणच), माळा धरलाय का, पंखे, ट्यूबलाइट, स्विचबोर्ड, खिडक्यांचे ट्रॅक, बाल्कनी, फ्रिज आतून, आणि शिडी-मशीन ते आणणार का. सामानासकटच्या टू बीएचकेला तीन-चार माणसं आणि पाच-सहा तास तरी धरा. कोणी दोन माणसांत दोन तासांत करून देतो म्हणाला तर ते वरवरचं पुसणंच होणार. भाव जीएसटी धरून आहे का तेही विचारा, नाहीतर शेवटी १८ टक्के वर चढतात. आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

खिडकीच्या बाहेरच्या काचेबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. आतून हात पोचेल तेवढंच करायला सांगा. पंधराव्या मजल्यावर ग्रिलबाहेर उभं राहून, नाहीतर एसीच्या आउटडोअर युनिटवर पाय ठेवून कोणी काच पुसत असेल तर ताबडतोब थांबवा, तो स्वतः हो म्हणत असला तरी. बाहेरून काच करायची तर दोर-हार्नेस लावून काम करणारे लोक वेगळे असतात, ते काम सोसायटीमार्फत होतं.

आदल्या दिवशी दागिने, रोख, कागदपत्रं एका कपाटात टाकून कुलूप लावा. कोणावर संशय म्हणून नाही, एवढी उलथापालथ चालू असताना वस्तू कुठेतरी गेली की विनाकारण त्या मुलांवर बोट जातं, ते बरं नाही. सोसायटीत पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर टाकी आणि बादल्या भरून ठेवा, मध्येच पाणी गेलं तर लिक्विड टाइल्सवर वाळून बसतं. गेटवर एन्ट्री करून ठेवा, बऱ्याच सोसायट्यांत दुपारी दोन ते चार मशीनचा आवाज चालत नाही तेही बघा. घरात दम्याचा पेशंट, बाळ नाहीतर खूप वयस्कर कोणी असेल तर त्या दिवशी त्यांना नातेवाइकांकडे पाठवा, धूळ आणि लिक्विडचा वास दोन्ही जोरात असतं.

काम चालू असताना डोक्यावर उभं राहायची गरज नाही, पण क्रम बघा. वरून खाली आणि आधी कोरडं मग ओलं. जळमटं, पंखे, कपाटांचे माथे, मग खिडक्या, शेवटी लादी. खिडकीचा ट्रॅक बघितला की टीम कशी आहे ते लगेच कळतं: चांगली टीम आधी ब्रशने माती सुटी करते, व्हॅक्यूमने ओढते आणि मगच ओला फडका फिरवते, डायरेक्ट पाणी ओतलं की कोपऱ्यात चिखल होऊन बसतो. संडासाचा फडका आणि ओट्याचा फडका वेगळा हवा, आणि हे स्पष्ट विचारायला लाजू नका. अजून एक, हार्पिकसारख्या टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिड असतं, त्याच्यावर ब्लीच ओतलं की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो खरंच धोकादायक आहे. आपण घरातलं ब्लीच मदत म्हणून काढून देतो ना, ते देऊ नका, त्यांचं लिक्विड त्यांना वापरू दे.

त्या माणसांना प्यायला पाणी द्या, दुपारी जेवायला अर्धा तास आणि बसायला पंख्याखाली जागा द्या. सकाळपासून हात लिक्विडमध्ये असतात, ग्लोव्हज नसतील तर घरातले द्या.

पैसे द्यायच्या आधी सुपरवायझरसोबत लाइट लावून एक फेरी मारा. पंख्याच्या पात्यावरून, दरवाज्याच्या वरच्या कडेवरून, फ्रिजच्या मागून बोट फिरवा. कमोडच्या मागची बाजू वाकून बघा. सगळे नळ आणि फ्लश चालवून बघा, पाणी लादीवर ओतून जाळीतून नीट जातंय का बघा, कारण खरवडलेला कचरा कधीकधी तिथेच अडकतो. राहिलं असेल ते तेव्हाच सांगा, माणसं आणि सामान घरात असताना दहा मिनिटांत होतं, एकदा का टेम्पो निघाला की परत बोलावणं अवघड. काही तुटलं-फुटलं असेल तर तिथेच फोटो काढून त्यांच्या ऑफिसच्या नंबरवर पाठवा. बिल घ्याच, बिलाशिवाय भांडायला काही हातात राहत नाही. आणि कोणी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५, तिथे तक्रार नोंदवता येते.