दहा बाय अठराच्या खोलीत आल्याची बिअर

घरी बिअर करायची हौस मलाही होती. पण १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो. शिवाय साध्या एल बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात आणि गिरगावातली आमची पत्र्याखालची खोली मे महिन्यात रात्रीही तिशीच्या खाली उतरत नाही. म्हणून आल्याची बिअर. तिला उकाडा आवडतो.

आधी विरजण. दह्याला लागतं तसंच, फक्त आल्याचं. बरणीत दोन कप उकळून गार केलेलं पाणी, दोन चमचे किसलेलं आलं, दोन चमचे साखर. आलं धुवा, पण सोलू नका, कारण रानटी यीस्ट सालीवरच असतं. तोंडाला पंचा बांधायचा, रोज एकेक चमचा आलं-साखर घालून ढवळायचं. एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतात, जानेवारीत पाचव्या. पाच-सहा दिवसांतही काहीच हललं नाही तर आलं बदला. दुसऱ्या भाजीवाल्याकडून घ्या. वर बुरशी दिसली तर मात्र सगळं मोरीत ओता, चमच्याने काढून वाचवत बसू नका.

आता मुख्य पाणी. पावणेदोन लिटर पाण्यात १०० ग्रॅम ठेचलेलं आलं आणि २०० ग्रॅम साखर घालून दहा मिनिटं उकळा. साखर जास्त वाटेल, पण त्यातली थोडी यीस्ट खातं. पातेलं मोरीत पाण्याच्या टबात ठेवून पूर्ण गार करा. कढत असताना विरजण घालायची घाई मी एकदा केली, यीस्ट मेलं आणि आठवडाभर आम्ही आल्याचं सरबत प्यायलो. गार झाल्यावर गाळा, दोन लिंबं पिळा, अर्धा कप गाळलेलं विरजण मिसळा.

बाटली प्लास्टिकचीच, सोड्याची. हे मी काचेकडून शिकलो. पहिल्या वेळी ऐटीत काचेच्या बाटल्या भरून माळ्यावर ठेवल्या आणि रात्री दोनला एक फुटली. आई अंधारातच म्हणाली, "काय रे, दिवाळी लागली का?" काचा माळ्यावरच्या गोधड्यांत घुसल्या होत्या. कुणाच्या डोळ्यात गेल्या नाहीत हे नशीब.

तीन बोटं जागा सोडून बाटली भरा आणि दाबून बघा. सुरुवातीला ती मऊ असते. आत कार्बन डायऑक्साइड साठला की दगडासारखी टणक होते. मे महिन्यात हे २४ तासांत होतं, थंडीत दोन दिवस लागतात. मी सकाळी पाणी भरायला उठतो तेव्हा आणि रात्री झोपताना, अशी दोनदा दाबतो. टणक झाली की थेट फ्रिजमध्ये. सुरू करणं सोपं आहे, वेळेत थांबवणं हेच खरं काम. गावाला जाणार असाल तर त्या आठवड्यात करूच नका.

रात्रभर गार होऊ द्या, मोरीवर धरून हळूहळू उघडा, आठवड्याच्या आत संपवा. थोडा मद्यांश तयार होतोच, त्यामुळे पोरांना आणि अजिबात न घेणाऱ्यांना ही देऊ नका, निदान सांगून तरी द्या. गाळून उरलेला चोथा फेकू नका. फ्रिजमध्ये ठेवला तर दोन दिवस चहात चालतो, फक्त साखर कमी घाला.