अंड्याचा बेक करताना या चुका टाळा

फेटलेल्या अंड्यांत दूध, भाज्या आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेला, वरून छान तांबूस दिसणारा अंड्याचा बेक कापला आणि ताटलीत पाणी उतरले, की अंडी कच्ची राहिली असे समजून बहुतेक जण भांडे पुन्हा ओव्हनमध्ये ठेवतात. त्याने पाणी कमी होत नाही, उलट वाढते. म्हणून पाणी कोठून आले, हे आधी ओळखावे. ते हिरवट किंवा लालसर असून तळाशी साचले असेल, तर भाज्यांचे आहे; पण अंड्याच्या थरालाच बारीक छिद्रे पडून तो चिवट झाला असेल, तर उष्णता जास्त झाल्यामुळे आकसलेल्या अंड्याने आपले पाणी बाहेर टाकलेले असते.

सर्वांत जास्त चुका भाज्यांच्या बाबतीत होतात. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून आणलेली पालकाची ताजी जुडी सुमारे नव्वद टक्के पाणीच असते आणि टोमॅटो, मशरूम, दुधी यांत तर त्याहूनही अधिक. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढावा, गार करावा आणि पंचात घेऊन घट्ट पिळावा. भली मोठी जुडी मुठीत मावेल एवढ्या गोळ्यावर येते आणि खालच्या वाटीत हिरवे पाणी जमते. तेच पाणी एरवी बेकच्या तळाशी गेले असते. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाकावा. मशरूम आणि ढोबळी मिरची मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, कढईतला चरचर आवाज बदलेपर्यंत परतावी. परतलेल्या भाज्या पूर्ण गार झाल्याशिवाय अंड्यांत मिसळू नयेत, कारण गरम भाजीला लागलेले अंडे तिथल्या तिथे शिजून त्याच्या गुठळ्या होतात.

आपली कांदा-लसूण चटणी या पदार्थात फार चांगली लागते, पण ती फेटलेल्या अंड्यांत तशीच घातली तर तिचे कण तळाशी बसतात. कांदा परतून झाल्यावर आच मंद करून ती त्याच तेलात घालावी. चटणीत मीठ असते, प्रोसेस्ड चीजमध्ये तर भरपूर असते. म्हणून वेगळे मीठ घालण्यापूर्वी मिश्रणाचा एक चमचा तव्यावर शिजवून चव पाहावी. मीठ जास्त झालेला बेक नंतर दुरुस्त करता येत नाही, ही एवढीशी तसदी मात्र प्रत्येक वेळी उपयोगी पडते.

सहा अंड्यांना अर्धा कप, म्हणजे साधारण १२० मिली दूध पुरते. त्याहून जास्त दूध घातल्यास वडी धरत नाही. अंडी फेस येईपर्यंत घुसळू नयेत. पिवळे-पांढरे एकजीव झाले की थांबावे. फेसाने बेक डोलदार फुगतो आणि बाहेर काढताच मधोमध खचतो. थोडे बसणे मात्र स्वाभाविक आहे, त्याची काळजी करू नये.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, आधी दहा-पंधरा मिनिटे तापवून घ्यावा आणि भांडे मधल्या जाळीवर ठेवावे. आठ इंची भांड्याला १७० अंश सेल्सियसवर साधारण २५ ते ३० मिनिटे लागतात, तरी घड्याळापेक्षा भांड्याकडे लक्ष द्यावे. दूध घातलेले अंडे ८० अंशांच्या आसपास धरते आणि त्यापुढे फार तापले की फाटू लागते. कडा घट्ट होऊन मध्यभाग खरवसासारखा किंचित थरथरत असतानाच भांडे बाहेर काढावे. सुरी खुपसल्यावर पातळ अंडे लागून आले, तरच आणखी चार-पाच मिनिटे द्यावीत. वरचा रॉड जवळ असल्याने चीज आधी करपते आणि आत अंडे ओलेच राहते. यासाठी वरचे चीज शेवटच्या दहा मिनिटांत पसरावे. पनीर घालायला हरकत नाही, पण ते वितळून तार धरेल अशी अपेक्षा ठेवू नये.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटे सुरी लावू नये. एवढ्या वेळात आतल्या उष्णतेने मध्यभाग धरतो आणि वड्या सरळ निघतात.