प्रायव्हेट गाडी, सगळ्यांची होडी: मेकाँगच्या एका दिवसाच्या सहलीत या चुका टाळा

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीतून गेल्या दोन वर्षांत पाच घरं व्हिएतनामला जाऊन आली आणि तिथल्या मेकाँग नदीबद्दल पाचही घरांचं मत वेगळं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, स्वर्ग. त्यांच्या समोरचे म्हणतात, नारळाच्या गोळ्या विकायला नेतात, बाकी काही नाही. दोघंही खरंच सांगतायत, कारण दोघं गेले होते वेगवेगळ्या ठिकाणी. पावतीवर मात्र एकच होतं: ‘मेकाँग डेल्टा, प्रायव्हेट डे ट्रिप’.

आम्ही सहा जण गेलो होतो. आम्ही दोघं, मुलगी, सासूबाई आणि ऐरोलीहून दीर-जाऊबाई. चांगले पैसे मोजून, गाईडसकट, प्रायव्हेट. तरी अर्धा दिवस हातातून निसटला. फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. जे विचारायला हवं होतं ते आम्ही विचारलंच नव्हतं.

‘मेकाँग दाखवा’ एवढंच सांगणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती ठाण्यात बसून बुकिंग करतानाच होते. मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते, सहा देशांतून वाहते, कंबोडियात नोम पेन्हजवळ फुटते आणि तिएन व हाउ अशा दोन मोठ्या प्रवाहांनी व्हिएतनाममध्ये शिरते. पुढे तिला इतके फाटे फुटतात की तिथले लोक तिला ‘कू लाँग’, म्हणजे नऊ ड्रॅगन, म्हणतात. व्हिएतनाममधला हा त्रिभुज प्रदेश सुमारे ४०,००० चौरस किलोमीटरचा आहे. आपला पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा अख्खा कोकण विभाग साधारण ३०,०००. उद्या कोणी पाहुणा मुंबईत उतरून म्हणाला की एका दिवसात कोकण दाखवा, तर आपण काय करू? अलिबागला नेऊन आणू. तिथलं अलिबाग म्हणजे ‘मी थो’ नावाचं शहर.

हो चि मिन्ह सिटीपासून, म्हणजे जुन्या सायगावपासून, मी थो साधारण ७० किलोमीटरवर. ठाण्याहून खोपोलीला जाण्याइतकं. तिथून होडीने समोरच्या बेटांवर जायचं, पलीकडे बेन त्रेचा नारळाचा पट्टा. वाईट नाही, पण सगळे तिथेच जातात. दुसरं टोक कान थो. सायगावपासून सुमारे १७० किलोमीटर, ठाणे-नाशिकपेक्षा जास्त, गाडीने जाताना तीन तास आणि वर काही. मी थोपर्यंतच्या बाजूचा द्रुतगती मार्ग २०१० साली झाला, पुढचा टप्पा २०२२ मध्ये आणि कान थोच्या दिशेचा २०२३ च्या शेवटी. त्यामुळे हल्ली ‘कान थो एका दिवसात’ अशा जाहिराती दिसतात.

गाडी पोचते हो. प्रश्न घड्याळाचा आहे. कान थोला लोक जातात ते ‘काय रांग’ नावाच्या तरंगत्या बाजारासाठी. तो भरतो पहाटे पाचच्या सुमारास आणि सात-आठनंतर ओसरायला लागतो. सायगावहून सकाळी सातला निघालात तर तुम्ही पोचता तेव्हा चार होड्या आणि कॅमेरे घेतलेले पर्यटक. बाजार पाहायचाच असेल तर आदल्या रात्री कान थोला मुक्काम करा, नाहीतर त्याचं नाव यादीतून काढून टाका. रात्री दोनला उठून सासूबाईंना गाडीत बसवणं हा मधला मार्ग नव्हे.

आणि बाजार आता पूर्वीसारखा मोठाही राहिलेला नाही. ज्या रस्त्यांमुळे आपण एका दिवसात तिथे जाऊ शकतो, त्याच रस्त्यांनी भोपळे आणि अननस ट्रकमधून जायला लागले. ‘काय बे’ हा दुसरा तरंगता बाजार तर जवळजवळ संपल्यात जमा आहे, पण कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव अजून सापडतं. नाव दिसलं की सरळ विचारा, ‘आत्ता तिथे बाजार भरतो का?’ काय रांगला गेलात तर होड्यांवरचे उंच बांबू बघा. ज्या होडीत जे विकायला आहे ते बांबूला टांगलेलं असतं. कोबी टांगला तर कोबी, रताळं टांगलं तर रताळी. दुकानाची पाटीच ती.

‘प्रायव्हेट’ म्हणजे नक्की काय काय?

आमची गाडी प्रायव्हेट होती. गाईडही फक्त आमचा. मी थोच्या धक्क्यावर पोचलो तर मोठ्या होडीत आधीच वीसेक माणसं बसलेली. गाईड हसून म्हणाला, होडी शेअरिंगची असते. बेटावर मधाचा चहा, फळं, गाणी, वल्ह्याची छोटी होडी, सगळीकडे त्या वीस जणांच्या मागे रांग. पुढच्या गटाची वाट बघत आम्ही चाळीस मिनिटं एका बाकावर काढली.

म्हणून पैसे भरण्याआधी एक मेसेज पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. त्यात एवढंच हवं: होडी फक्त आमच्यासाठी आहे का, कुठल्या धक्क्यावरून आणि किती वाजता सुटणार, दिवसात पाण्यावर एकूण किती वेळ, जेवण कुठे, दुकानं किती, आणि क्रम बदलायचा झाला तर गाईडला तो अधिकार आहे का. शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात, पण माझ्या मते तोच कळीचा आहे. प्रायव्हेटचे जास्तीचे पैसे आपण एसी गाडीसाठी देत नाही. दिवस आपल्या तब्येतीने चालावा म्हणून देतो. गाईडच्या हातात छापील वेळापत्रक असेल आणि ते हलणार नसेल तर बसची सहल स्वस्तात पडते.

गाईडचं कार्डही बघून घ्या. व्हिएतनाममध्ये गाईडला सरकारी ओळखपत्र लागतं आणि कामावर असताना ते अंगावर दिसायला हवं. कार्ड नसलेला माणूस बहुतेक वेळा नुसता गाडीवान असतो. गाडी छान चालवतो, पण नदीबद्दल विचारलं की फोन पुढे करतो.

भरती-ओहोटी: हे आपल्याला कळायला हवं होतं

इथे मला खरंच लाज वाटते. आपण खाडीकाठची माणसं. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला होडी सुटते तीही भरतीच्या वेळा बघून. जाऊबाईंनी आदल्या रात्री हॉटेलवर विचारलंही होतं, ‘अहो भाऊजी, तिथे भरती किती वाजता आहे?’ माझ्या नवऱ्याने उत्तर दिलं, ‘वहिनी, ती नदी आहे, समुद्र नाही.’

नदी असली तरी समुद्राची भरती आत कान थोपर्यंत जाणवते. दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं. नीपा पामच्या झावळ्यांखालून जाणारे अरुंद कालवे फोटोंमध्ये इतके सुंदर दिसतात, पण ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो आणि वल्ह्याची होडी घासत जाते किंवा जातच नाही. आमचा नंबर लागला तो ऐन ओहोटीत. शिवाय पाणी उतरलं की होडी धक्क्याच्या खूप खाली जाते आणि पायऱ्या शेवाळलेल्या. सासूबाईंचे गुडघे, ती डुगडुगणारी होडी आणि खालून हात देणारी एक ठेंगणी बाई, हे दृश्य मी पुन्हा बघू इच्छित नाही. त्या बाईने मात्र आईंना अलगद उतरवून घेतलं. वल्हवणाऱ्यांना लोक थोडी बक्षिसी देतात. आम्ही तिला दिली ती मनापासून.

आपली कोळी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, सप्तमीला साधारण सव्वापाच. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा. मेकाँगमध्ये तो लावू नका. गाईडला आदल्या दिवशी विचारा, ‘उद्या छोट्या कालव्यात पाणी किती वाजता भरलेलं असेल?’ आणि दिवसाचा क्रम त्यावरून लावून घ्या. आधी कालवा आणि मग जेवण, किंवा उलट. कामाचा गाईड लगेच सांगतो. ज्याला प्रश्नच कळत नाही, त्याच्यासोबत कालव्याची आशा ठेवू नका.

ऑक्टोबरच्या आसपास अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कान थो शहरातल्या रस्त्यांवरही पाणी येतं. ठाणेकरांना त्यात नवल वाटणार नाही, पण चपला तशा घाला.

चहा आणि चाय

शाकाहारी मंडळींची इथे हमखास गडबड होते. भाज्या भरपूर मिळतात, पण जवळजवळ सगळ्यात मासळीचा सॉस असतो, त्याला तिथे ‘नुओक माम’ म्हणतात. कोबीच्या भाजीत असतो, पांढऱ्या भातासोबतच्या वाटीतही असतो. ‘नो मीट’ सांगून उपयोग नाही, कारण त्यांच्या लेखी तो मांस नव्हे, मीठ आहे. शब्द सांगायचा ‘आन चाय’, म्हणजे शाकाहार. बौद्ध परंपरेतला शब्द आहे, अमावास्या-पौर्णिमेला तिथले पुष्कळ लोक पाळतात. कडक ‘चाय’ जेवणात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आमच्या जैन शेजाऱ्यांची उलट चांगली सोय झाली.

गंमत अशी की व्हिएतनामीत चहाला म्हणतात जवळपास ‘चा’. लिहिताना ‘त्रा’, बोलताना ‘चा’. बेन त्रेचं सुद्धा बोलताना ‘बेन चे’ होतं. तर दीरांनी दोनदा ‘चाय, चाय’ म्हणून मागितला आणि दोन्ही वेळा ती बाई मान डोलावून टोफू घेऊन आली.

जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच कळवा. बेटावरच्या जेवणाची बेगमी सकाळीच झालेली असते. ऐन वेळी सांगितलंत तर भात आणि काकडी मिळेल. मासे खाणाऱ्यांनी हत्तीच्या कानासारखा पसरट, अख्खा तळून उभा मांडलेला मासा जरूर खावा.

दुकानं आणि निळ्या नोटा

नारळाच्या गोळ्यांचा कारखाना, मधमाश्यांची पेटी, गळ्यात अजगर घालून फोटो. यातलं काहीच सक्तीचं नाही. नारळाच्या गोळ्या गरम गरम कापताना बघायला मजा येते आणि बेन त्रे खरोखरच नारळाचा मुलूख आहे, तेव्हा एक दुकान चालेल. तीन होऊ लागली की गाईडला शांतपणे सांगा, ‘हा थांबा नको, तो वेळ पाण्यावर द्या.’ त्याचं कमिशन जातं, म्हणून चेहरा पडतो. निघताना बक्षिसीत थोडी भर घाला. भांडणापेक्षा हे बरं. बाटलीत नाग घातलेली दारू मात्र गंमत म्हणूनही आणू नका. नाग आपल्याकडे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि विमानतळावर ती गंमत राहत नाही.

नोटांचं वेगळं सांगायला हवं. २०,००० डाँगची नोट निळी आणि ५,००,००० ची पण निळसर. होडीच्या गडबडीत, ओल्या हातांनी, एकीच्या जागी दुसरी जाते. हिशेबाला सोपी रीत: शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्या आकड्याची साधारण साडेतीन पट करा. म्हणजे पहिली नोट सत्तरेक रुपयांची, दुसरी सतराशेच्या पुढची. आम्ही पहिल्या दिवशी शहाळ्याला दुसरी दिली. शहाळंवालीने हाक मारून परत केली, पण सगळीकडे तशी हाक येईलच असं नाही. मोठ्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा.

उरलेल्या बारीकसारीक

रात्रीच्या विमानाने सकाळी सायगावला उतरून त्याच दिवशी मेकाँगला जाऊ नका. परतीचं विमानही त्याच रात्री ठेवू नका. रविवारी संध्याकाळी शहरात शिरणारी गर्दी बघून घोडबंदरची आठवण येते. टेट हा त्यांचा नववर्षाचा सण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतो. ऐन टेटमध्ये बाजार, कारागीर, होडीवाले सगळे घरी असतात. मे ते नोव्हेंबर पावसाळा, पण आपल्यासारखी झड लागत नाही. बहुधा दुपारी एक जोरदार सर येऊन जाते, म्हणून पाण्यावरची कामं सकाळी उरका. फळांसाठी मात्र हेच महिने चांगले. डासांचं मलम न्याच.

१ जुलै २०२५ पासून तिथले प्रांत एकत्र केलेत, ६३ चे ३४ झाले. बेन त्रे आता विन लाँग प्रांतात आहे आणि मी थो डोंग थाप प्रांतात. त्यामुळे गाईडच्या मेसेजमधला पत्ता आणि तुमच्या जुन्या नकाशातला पत्ता जुळला नाही तर घाबरू नका. धक्क्याचं लोकेशन मागवा, पत्ता नको.

आणि दिवस बिघडायला लागलाच तर दुपारपर्यंत सहन करत बसू नका. आम्ही जेवणानंतर गाईडला बाजूला घेतलं आणि उरलेले दोन्ही थांबे रद्द केले. त्याने विचारलं, मग कुठे? नवरा म्हणाला, ‘तुम्ही स्वतः कुठे थांबता?’ त्याने हायवेलगतच्या एका झावळ्यांच्या छपरात नेलं. तिथे खुर्च्या नाहीत, ओळीने झोळ्या बांधलेल्या. कॉफी मागवायची आणि आडवं व्हायचं. ट्रकवाले, फटफटीवाले सगळे तसेच पडलेले. मागे कालवा होता आणि एव्हाना त्यात पाणी चढायला लागलं होतं. सासूबाईंनी झोळीकडे संशयाने पाहिलं, पदर खोचला, बसल्या आणि चाळीस मिनिटं ढाराढूर झोपल्या. कॉफीचे पैसे गाईडने आम्हाला देऊ दिले नाहीत.