एक घटना, दोन न्यायालयं : फौजदारी कायद्यांची तुलना करायला बसताना

दरवर्षी जूनच्या सुमारास एलएलएमची (कायद्यातल्या पदव्युत्तर अभ्यासाची) एक-दोन मुलं माझ्या ऑफिसात येतात. हातात प्रबंधाचा आराखडा असतो आणि आराखड्यात दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे कॉमन लॉ, म्हणजे इंग्लंडची परंपरा : ज्युरी (दोष ठरवणारे सामान्य नागरिक), पूर्वनिर्णय, वकिलांची झुंज. उजवीकडे सिव्हिल लॉ, म्हणजे फ्रान्स-जर्मनीसारख्या देशांची परंपरा : संहिता, स्वतः तपास करणारा न्यायाधीश. मी एवढंच विचारते, "यात भारत कुठे बसवणार?" आपल्याकडे १८६० पासून दंड संहिता होती, १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्युरीला जागाच ठेवली नाही. तरीही आपण कॉमन लॉच्या घरातले. तक्ता तिथेच अडतो.

मी साताऱ्याला सत्र न्यायालयात बावीस वर्षं फौजदारी कामं चालवते. भाची जर्मनीत स्टुटगार्टला असते. तिच्याकडे गेले तेव्हा तिथल्या स्थानिक न्यायालयात दोन दिवस प्रेक्षकांच्या बाकावर बसून आले. ती शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगत होती. तेव्हापासून मुलांना मी जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात शब्दापासून करा. आपल्या कोर्टात सिव्हिल म्हणजे दिवाणी. 'सिव्हिल लॉ देशांतला फौजदारी कायदा' असं लिहिलंत की निम्मे वाचक गोंधळतात. मी 'संहिता-परंपरा' म्हणते. तुम्ही दुसरा शब्द घ्या, पण पहिल्या पानावर त्याचा अर्थ सांगा. आणि 'युरोप' म्हणून मोकळे होऊ नका, एक देश निवडा. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातही भरपूर फरक आहे, तो पुढे येईलच.

मग एक घटना घ्या. कलमं नंतर. मी नेहमी ही देते : ऑक्टोबर २०१६, जर्मनीतलं एसेन शहर. बँकेच्या एटीएमच्या दालनात एक वृद्ध गृहस्थ कोसळले. एकामागून एक चार ग्राहक आले, त्यांच्या बाजूने, अंगावरून पाय टाकून गेले, पैसे काढले आणि निघून गेले. पाचव्याने फोन करून मदत बोलावली. काही दिवसांनी ते गृहस्थ वारले. हे सगळं कॅमेऱ्यात आलं होतं. २०१७ मध्ये तिघांना २,४०० ते ३,६०० युरोंपर्यंत दंड झाला. आम्हाला वाटलं कुणी बेघर माणूस झोपलाय, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. मदत लवकर मिळाली असती तरी ते वाचले नसते, असं तज्ज्ञांचं मत होतं. तरीही शिक्षा झाली, कारण जर्मन दंड संहितेच्या कलम ३२३ सी मध्ये गुन्हा मृत्यूचा नाही, मदत न करण्याचा आहे. कमाल शिक्षा एक वर्ष कैद किंवा दंड.

आता हीच घटना उचलून लंडनला न्या. तिथे अनोळखी माणसाला मदत न करणं हा गुन्हा नाही. मात्र इथे थांबू नका, 'मग कुणी काहीच न करता राहिलं, तर गुन्हा कधी होतो?' हे शोधा. उत्तर एका कलमात सापडणार नाही, निवाड्यांच्या माळेत सापडेल. १९०२ च्या पिटवुड खटल्यात रेल्वे फाटकाचा राखणदार फाटक लावायला विसरला आणि माणूस मेला. नोकरीच्या करारातून त्याचं कर्तव्य आलं. १९८३ च्या मिलर खटल्यात आरोपीच्या पेटत्या सिगारेटमुळे गादीने पेट घेतला, त्याला जाग आली, तो उठून दुसऱ्या खोलीत जाऊन झोपला. धोका स्वतः निर्माण केला म्हणून कर्तव्य आलं. तुलनेतली पहिली खरी नोंद इथे मिळते. जर्मन वकील कलम उघडतो आणि मग त्यावरचं भाष्य वाचतो. इंग्रज वकील निवाडे मागे मागे वाचत जातो.

आता घटना साताऱ्याला आणा. आपल्या संहितेत 'अवैध अकृती' आहे, म्हणजे कायद्याने जे करणं बंधनकारक ते न करणं. जुन्या दंड संहितेच्या कलम ३७ च्या उदाहरणात तुरुंगाधिकारी कैद्याला जेवण देत नाहीत, ते दोषी. एटीएममधल्या अनोळखी माणसावर असं बंधन नाही. हे नुसतं राहून गेलेलं नाही. दंड संहितेचा पहिला मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्याच्या टिपांत हा प्रश्न सविस्तर आहे : कलकत्त्याच्या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेसाठी मेरठला जायला नकार दिला, आणि ती करू शकणारा अख्ख्या हिंदुस्थानात तो एकटाच असला, तरी त्याला खुनी म्हणायचं का? उत्तर 'नाही' असं आहे, आणि सीमारेषा का आखली त्याची कारणंही दिली आहेत. ती पानं मूळातून वाचा. एवढ्या मोकळेपणाने विचार मांडणारा कायद्याचा मसुदा मी दुसरा वाचलेला नाही.

मोटार वाहन कायद्यात अपघात करणाऱ्या चालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याचं कर्तव्य आहे. २०१९ ला आलेलं कलम १३४ ए मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, रस्त्यावरच्या बाकीच्यांवर कर्तव्य टाकत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या अपघातांची कामं मी चालवते, त्यामुळे हा फरक मला जिव्हारी लागतो. भाचीला जर्मनीत गाडीचा परवाना काढताना प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागला, ४५ मिनिटांचे नऊ तास. कलमाच्या मागे अशी व्यवस्था उभी आहे का, हेही तुलनेत यायला हवं.

फ्रान्सच्या दंड संहितेत कलम २२३-६ मध्ये मदत न करण्याला पाच वर्षं कैद आणि ७५,००० युरो दंड, अशी कमाल शिक्षा आहे. जर्मनीच्या पाचपट कैद. इतिहास बघितलात तर आणखी सावध व्हाल : जर्मनीत हे कलम व्यापक झालं १९३५ मध्ये, नाझी राजवटीत, आणि फ्रान्समध्ये आलं १९४१ मध्ये, नाझी जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारच्या काळात. युद्धानंतर दोन्ही देशांनी ते नव्या रूपात ठेवलं. 'तिकडचा समाज जास्त माणुसकीचा' असं वाक्य लिहिण्याआधी हे लिहा.

गुन्ह्यांच्या नावांचं भाषांतर करताना फार जपा. खून म्हणजे जर्मन 'मोर्ड' असं मांडलंत की पुढचं सगळं चुकतं. समजा, बांधावरून वर्षानुवर्षं वाद आहे. एकाने दिवसाढवळ्या, समोरासमोर, "आज सोडत नाही" म्हणत कोयत्याने शेजाऱ्याला ठार मारलं. आपल्याकडे, अपवाद लागू झाला नाही तर, खून. जर्मनीत कलम २११ च्या मोर्डसाठी जीव घेण्याचा हेतू पुरत नाही. लोभ, दगाबाजी, हीन हेतू अशांपैकी काहीतरी लागतं. इथे दगा नाही, लोभ नाही, म्हणून बहुधा कलम २१२ चा मनुष्यवध, किमान पाच वर्षं. आपल्या 'सदोष मनुष्यवधा'च्या पायऱ्या वेगळ्या आखलेल्या आहेत. इंग्लंडमध्ये तर खुनाची व्याख्या आजही कुठल्याच अधिनियमात नाही, ती न्यायालयांच्या परंपरेतून आली आहे. म्हणून नावासमोर नाव ठेवू नका. तीच घटना ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी आरोपी किती वर्षं आत जातो ते लिहा.

यानंतर न्यायालयात शिरा. मुलं हा भाग दोन परिच्छेदांत उरकतात, आणि मला तर यातच सगळ्यात जास्त सापडतं.

आपल्याकडे पोलिसांनी घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही नसते. तो पुरावा म्हणून वाचता येत नाही, काही अपवाद सोडले तर फक्त विसंगती दाखवायला वापरता येतो. साक्षीदार पिंजऱ्यात म्हणतो, "असं मी पोलिसांना सांगितलं नाही." मग मी त्याला ती ओळ वाचून दाखवते, कोर्ट त्या भागावर 'पोर्शन मार्क ए' अशी खूण करतं, आणि तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याच्याकडून तो भाग शाबीत करून घेते. एका ओळीसाठी कधी सहा महिने जातात.

स्टुटगार्टला अध्यक्ष न्यायाधीश अख्खी फाइल वाचून आले होते. साक्षीदाराला पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. चाळीस मिनिटं तेच विचारत होते, मग सरकारी वकिलांचे चार-पाच प्रश्न, बचावाचे दोन. आधीचा जबाब नुसता वाचून तिथेही भागत नाही, साक्षीदाराला समोर ऐकावंच लागतं. पण जबाब घेणाऱ्या पोलिसालाच साक्षीला बोलावून 'तेव्हा काय सांगितलं होतं' हे ऐकता येतं. माझ्या सवयीच्या कानाला ते फार खटकलं.

इथे एक जागा हमखास चुकते. 'भारतात न्यायाधीश प्रश्न विचारत नाहीत' असं लिहू नका. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६८ खाली ते कुठल्याही वेळी कुठलाही प्रश्न विचारू शकतात, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ खाली स्वतःहून साक्षीदार बोलावू शकतात. अधिकार आहे, वापर कमी आहे. जर्मन संहितेत याच्या उलट : वकिलांनी उलटतपासणी घेण्याची सोय कलम २३९ मध्ये आहे, व्यवहारात जवळपास कुणी वापरत नाही. म्हणून कलम एका ओळीत लिहा आणि रोजची वहिवाट दुसऱ्या ओळीत.

गुन्ह्याच्या कबुलीचंही तपासा. इंग्लंडमध्ये आरोपीने गुन्हा कबूल केला की दोषी ठरवण्यासाठी पुरावा चालवायचं कारण उरत नाही. जर्मनीत कबुली हा नुसता एक पुरावा, न्यायालयाला ती खरी आहे का हे पाहावंच लागतं.

शेवटी निकाल. इंग्लंडचे बारा ज्युरर दोषी किंवा निर्दोष एवढंच सांगतात, कारणं देत नाहीत. मुंबईत १९५९ मध्ये नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. आज आपल्याकडे न्यायाधीश एकटेच निर्णय देतात आणि कारणांसह निकालपत्र लिहितात. स्टुटगार्टला एका न्यायाधीशांबरोबर दोन सामान्य नागरिक बसले होते, दोष आणि शिक्षा दोन्हींवर त्यांचं मत न्यायाधीशांइतकंच मोजलं जातं, आणि कारणं न्यायाधीश लिहितात. या एका मुद्द्यावर आपण लंडनपेक्षा जर्मनीच्या जवळ आहोत.

प्रबंध लिहिण्याआधी एक काम करा. तुमच्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात जाऊन एका साक्षीदाराची साक्ष पूर्ण ऐका, सरतपासणीपासून फेरतपासणीपर्यंत. वहीत तीन रकाने आखा : न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील. प्रश्न आला की त्या रकान्यात रेघ. परदेशी जाणार असाल तर तिथेही हेच करा. जर्मनीत बहुतेक सुनावण्या खुल्या असतात, बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या त्या दोन दिवसांच्या वहीत पहिल्या रकान्यातल्या रेघा पानाच्या तळापर्यंत गेल्या आहेत.