काउंटी पोलीस दलाचा इतिहास जतन करताना

इंग्लंडमधील एखाद्या काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) पोलीस दलाचा इतिहास जतन करू पाहणारे बहुतेक जण हेल्मेट, शिट्ट्या आणि बिल्ले गोळा करण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात कोऱ्या कागदावर त्या दलाची वंशावळ मांडून करावी, कारण आज दल ज्या नावाने ओळखले जाते त्या नावाखाली जुने दप्तर सापडेलच असे नाही. १८३९ च्या कायद्याने काउंट्यांना स्वतःचे पोलीस दल उभारण्याची मुभा दिली. विल्टशायरने त्याच वर्षी दल उभारले, एसेक्सने १८४० मध्ये, आणि टाळाटाळ करणाऱ्या काउंट्यांना १८५६ च्या कायद्याने पर्यायच ठेवला नाही. अनेक शहरांची दले मात्र वेगळीच राहिली. कोल्चेस्टर शहराचे दल १९४७ मध्ये एसेक्सच्या दलात विलीन झाले, साउथएंडचे १९६९ मध्ये, आणि ‘एसेक्स पोलीस’ हे नाव १९७४ मध्ये आले. त्यामुळे १९३५ साली कोल्चेस्टर शहराच्या दलात गस्त घालणारा कॉन्स्टेबल एसेक्स काउंटीच्या भरती-नोंदवहीत शोधत बसल्यास हाती काहीच लागणार नाही.

त्यानंतरचा प्रश्न म्हणजे दप्तर आहे कुठे. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांची कागदपत्रे कायद्याने सार्वजनिक अभिलेख ठरत असल्याने ती लंडनच्याच क्यू या भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात जातात. काउंटी दलांना १९५८ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू झाला नाही, त्यामुळे काय ठेवायचे आणि काय रद्दीत घालायचे हे त्या त्या दलाच्या मर्जीवर राहिले. ठाणे नव्या इमारतीत गेले किंवा दोन दले एकत्र झाली, की जागेअभावी पहिला बळी नोंदवह्यांचाच. जे वाचले ते काउंटीच्या अभिलेखागारात, चेम्सफर्डच्या एसेक्स पोलीस संग्रहालयासारख्या संग्रहालयांत आणि निवृत्त पोलिसांच्या घरच्या माळ्यांवर विखुरलेले असते. दलाचे स्वतःचे दप्तर नष्ट झाले असले, तरी एक वाट सहसा उरते. १८८९ पर्यंत काउंटी पोलिसांचा कारभार न्यायदंडाधिकाऱ्यांच्या त्रैमासिक सभेकडे होता आणि पुढे तो न्यायदंडाधिकारी व काउंटी कौन्सिलचे सदस्य यांच्या संयुक्त स्थायी समितीकडे गेला. या दोन्हींची इतिवृत्ते काउंटी अभिलेखागारात शोधावीत. ठाण्यांची बांधकामे, पगारवाढ, घोड्यांचा खर्च, चीफ कॉन्स्टेबलचे (दलाच्या प्रमुखाचे) अहवाल असे बरेच काही त्यांत मिळते.

एखाद्या कुटुंबाने वस्तूंची पेटी पुढे केली, तर आतले काहीही हलवण्यापूर्वी ती आहे तशी छायाचित्रात टिपावी आणि देणाऱ्याशी सविस्तर बोलून त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. वस्तू कोणाची, ती घरात कशी आली, तो माणूस कोणत्या ठाण्यावर होता, हे सांगणारी व्यक्ती उद्या असेलच असे नाही. वस्तू कायमची दिली की उसनी, हेही त्याच दिवशी लेखी करून घ्यावे. वारसांमधले बरेचसे वाद याच एका कागदाअभावी उभे राहतात.

आता त्या पेटीतला हेल्मेटचा बिल्ला हातात घेऊ. त्यावरील मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या सलग गोल असतील, तर तो बहुधा १९०१ ते १९५२ या राजांच्या काळातला. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील, तर दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळातला. नवे बिल्ले सर्वत्र एकाच दिवशी आले नाहीत, त्यामुळे गोल मुकुटाचा बिल्ला १९५३ नंतरही काही काळ वापरात असू शकतो. शिवाय तिसरे चार्ल्स गादीवर आल्यापासून गोल मुकुट पुन्हा आला आहे, म्हणून धातूची झीज आणि मागची जोडणीही पाहावी. कॉलर क्रमांकाबाबतही (आपल्याकडच्या बक्कल नंबरासारखाच तो असतो) अशीच सावधगिरी हवी. एक जण नोकरी सोडून गेला की तोच क्रमांक दुसऱ्याला मिळत असे. छायाचित्रातल्या क्रमांकावरून नाव ठरवायचे, तर आधी छायाचित्राचा काळ ठरवावा लागतो.

कागदांच्या बाबतीत नियम थोडे, पण कडक आहेत. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा हलक्या हाताने काढाव्यात, रबरबँड ठेवू नये, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये आणि क्रमांक घालायचा तर मऊ पेन्सिलीनेच, कोपऱ्यात. नोंदवह्या आम्लरहित खोक्यांत ठेवाव्यात. पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांत छायाचित्रे खराब होतात. १९५० च्या आसपासपर्यंतच्या काही निगेटिव्ह नायट्रेटच्या असतात आणि त्या झपाट्याने पेट घेतात. शंका असेल तर त्या घरी न ठेवता अभिलेखागाराला कळवावे.

गणवेश लोकरीचा असल्याने त्याचा खरा शत्रू कसर, म्हणजे कापड खाणारी कीड. अंगरखा पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये सुमारे दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर कापडावर दव साचते. बटणांना पॉलिश करण्याचा मोह आवरावा. दर वेळी धातूचा थर आणि त्यावरील नक्षी थोडी थोडी झिजते.

निवृत्त पोलिसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या तर ते काम पुढे ढकलू नये. ‘तुमची मोठी केस कोणती’ असे विचारल्यास शंभर वेळा सांगून घोटलेली गोष्ट मिळते. त्याऐवजी रात्रपाळी किती वाजता सुरू व्हायची, सार्जंट कोणत्या ठिकाणी भेटायचा, पाऊस आला तर कुठे थांबायचे, असे विचारावे. हे कोणत्याही नोंदवहीत नसते. वापराची लेखी संमती मुलाखत संपताच घ्यावी आणि मूळ फाइल न कापता ठेवावी. स्कॅन आणि ध्वनिफिती यांच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

आरोपपत्रांच्या वह्यांत आरोपींची, फिर्यादींची आणि लहान मुलांचीही नावे असतात, आणि हयात व्यक्तींच्या माहितीला ब्रिटनचा माहिती-संरक्षण कायदा लागू होतो. अशी वही मिळाल्यास तिची पाने खुली करण्याआधी अभिलेखपालाचा सल्ला घ्यावा. शिस्तभंगाच्या नोंदवहीचे मात्र वेगळे. गस्तीवर दारू पिणे, झोपणे, वरिष्ठाला उलट बोलणे अशा नोंदींनी ती भरलेली असते, आणि दलाची बदनामी होईल म्हणून ती बाजूला काढण्याची सूचना कोणीतरी करतोच. ती मानू नये. जुन्या कॉन्स्टेबलचे दैनंदिन आयुष्य जितके या वहीत उतरले आहे तितके शौर्यपदकांच्या यादीत उतरलेले नाही, म्हणून खोक्यात तिची जागा पदकांच्या यादीशेजारीच असावी.